विश्लेषण : हवाईच्या लाटांवरचे सर्फिंग जगभर कसे पोहोचले? ‘ड्यूक’ कहानामोकू कोण होते?

होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर गेलेला पर्यटक दोन गोष्टी हमखास करतो. पहिली म्हणजे तासाभरासाठी सर्फबोर्ड भाड्याने घेऊन लाटेवर उभे राहण्याचा प्रयत्न. दुसरी म्हणजे दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या एका ब्राँझच्या पुतळ्यासोबत फोटो. पुतळ्याच्या हातांवर आणि गळ्यात रोज ताज्या फुलांचे हार असतात. हा पुतळा आहे ड्यूक कहानामोकू यांचा. ऑलिम्पिकमध्ये पाच पदके, त्यात तीन सुवर्ण, आणि आधुनिक सर्फिंगचे जनक अशी त्यांची ओळख. मात्र ज्या खेळावर आज जगभरातील किनाऱ्यांचे पर्यटन चालते, त्या खेळातून त्यांना स्वतःला आयुष्याची बहुतेक वर्षे फारसे काही मिळाले नाही. ही कहाणी केवळ एका खेळाडूची नाही, राज्य गमावलेल्या एका लोकसमूहाचीही आहे.

सर्फिंग मुळात कुणाचे?

हवाई ही प्रशांत महासागरातील बेटे. अमेरिकेचा कॅलिफोर्निया किनारा तिथून जवळपास चार हजार किलोमीटर दूर. होनोलुलू आणि आपले नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंशांवर आहेत. त्यामुळे पाणी वर्षभर कोमट असते.

या बेटांवर फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा प्रकार शेकडो वर्षांपासून होता. हवाईच्या भाषेत त्याला ‘हे-ए नालू’, म्हणजे लाटेवरून घसरणे म्हणत. सरदार आणि राजघराण्यातील लोकांसाठी ‘ओलो’ नावाच्या लांबलचक फळ्या, तर इतरांसाठी ‘अलाया’ या आखूड आणि पातळ फळ्या असत. स्त्रिया, पुरुष, मुले सगळेच लाटांवर जात.

१७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांची जहाजे हवाईला पोहोचली आणि चित्र बदलू लागले. बाहेरून आलेल्या रोगांच्या साथींत मूळ हवाईयन लोकसंख्या झपाट्याने घटली. १८२० पासून आलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांना कमी कपड्यांत, स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळायचा हा खेळ पसंत नव्हता. शेती, व्यापार, कामाच्या वेळा असे सगळेच जगणे बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्फिंग संपले नव्हते, पण ते काही मोजक्या किनाऱ्यांपुरते उरले होते. त्यातला एक होता वायकिकी.

‘ड्यूक’ ही पदवी की नाव?

नाव ऐकून अनेकांना वाटते की ही सरदारकीची पदवी असावी. प्रत्यक्षात ते त्यांचे पहिले नावच होते. ब्रिटनचे राजपुत्र आल्फ्रेड, म्हणजे ड्यूक ऑफ एडिंबरा, १८६९ मध्ये हवाईला आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून कहानामोकू घराण्यात त्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव ‘ड्यूक’ ठेवले गेले. तेच नाव पुढे त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला दिले.

हा मुलगा २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूत जन्मला. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि गादीवर राजे कालाकौआ होते. मुलगा अडीच वर्षांचा असताना, जानेवारी १८९३ मध्ये, साखरेच्या व्यवसायाशी जोडलेल्या गोऱ्या व्यावसायिकांच्या गटाने अमेरिकी सैनिकांच्या उपस्थितीत राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई आपल्या ताब्यात घेतले. म्हणजे ड्यूक शाळेत जाण्याच्या वयात आले, तोवर त्यांचा देशच उरला नव्हता.

वडील पोलीस खात्यात होते. घरात सहा भाऊ आणि तीन बहिणी. आईच्या माहेरची, पाओआ घराण्याची, जमीन वायकिकीला समुद्राला लागून होती. तिथेच ही भावंडे वाढली आणि समुद्र हेच त्यांचे मैदान झाले. ड्यूक यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. उमेदीच्या वयात त्यांचा दिवस किनाऱ्यावर आणि गोदीत मिळेल त्या कामात जाऊ लागला.

वायकिकीच्याच लाटा का?

लाटेत पाणी पुढे जात नाही, पुढे जाते ती ऊर्जा. दूर कुठेतरी वादळाने समुद्र ढवळला की ही ऊर्जा हजारो किलोमीटर प्रवास करते. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचा खालचा भाग मंदावतो, वरचा भाग पुढे झुकतो आणि पाण्याची खोली साधारण लाटेच्या उंचीइतकी उरली की लाट फुटते. तळ अचानक उथळ झाला तर लाट एकदम कोसळते. तळ हळूहळू चढत गेला तर ती संथपणे, लांबवर फुटत राहते.

वायकिकीसमोर प्रवाळाचा रुंद आणि मंद उताराचा तळ आहे. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटा इथे येतात, तेव्हा त्या मऊपणे आणि लांब अंतर फुटत जातात. शिवाय ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे इथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. नवशिक्याला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण. याच ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात दोन-तीन मजली लाटा येतात. तिथे मात्र पर्यटकाने पाण्यात न उतरता फक्त पाहायचे असते.

‘बीच बॉय’ म्हणजे काय?

१९०१ मध्ये वायकिकीला मोआना हॉटेल सुरू झाले आणि जहाजाने येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांची ये-जा वाढली. मुख्य भूमीवरून यायलाच अनेक दिवस लागत, त्यामुळे आलेला पाहुणा आठवडेच्या आठवडे मुक्काम करी. त्याला वेळ घालवायला काहीतरी हवे असे. ही गरज भागवली किनाऱ्यावरच्या हवाईयन तरुणांनी. फळीवर उभे राहायला शिकवणे, बाजूला तरफा लावलेल्या लांब होडीतून लाटेवर सैर घडवणे, पोहताना लक्ष ठेवणे आणि संध्याकाळी उकुलेले वाजवून गाणी म्हणणे, ही सगळी त्यांची कामे. या तरुणांना ‘बीच बॉय’ म्हणत. आज कोणत्याही समुद्रकिनारी दिसणारा जलक्रीडा प्रशिक्षक हा त्यांचाच वारसदार. कमाईचा मोठा भाग पाहुण्यांच्या बक्षिशीवर अवलंबून असे. ड्यूक आणि त्यांचे भाऊ याच मंडळींत होते. १९२० मध्ये ब्रिटनचे युवराज एडवर्ड होनोलुलूला आले, तेव्हा त्यांना लाटांवर नेण्याचे कामही कहानामोकू बंधूंकडेच आले.

१९०८ मध्ये तिथे ‘आउटरिगर कनू क्लब’ स्थापन झाला. सर्फिंग जपणे हा त्याचा हेतू होता, पण सभासद बहुतांश गोरे होते. स्थानिक तरुणांनी आपला वेगळा गट केला. त्याचे नाव ‘हुई नालू’, म्हणजे लाटांचे मंडळ. १९११ मध्ये त्याला औपचारिक रूप आले. ड्यूक त्याच्या संस्थापकांपैकी एक.

पहिला विक्रम का नाकारला गेला?

११ ऑगस्ट १९११. होनोलुलू बंदरातील धक्क्यांच्या मध्ये दोर बांधून पोहण्याच्या शर्यती ठेवल्या होत्या. २० वर्षांच्या ड्यूक यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विक्रमापेक्षा ही वेळ तब्बल ४.६ सेकंदांनी कमी होती. वेगाच्या शर्यतीत विक्रम सेकंदाच्या काही दशांशांनी मोडतात, इथे फरक सेकंदांचा होता.

मुख्य भूमीवरील हौशी क्रीडा संघटनेला हे पटले नाही. घड्याळे चुकली असतील, अंतर कमी मोजले असेल, प्रवाहाची मदत मिळाली असेल, अशा शंका निघाल्या. मार्ग पुन्हा मोजून दाखवला तरी विक्रम मान्य झाला नाही. कुठल्याशा बेटावरचा, कुणी नाव न ऐकलेला तरुण असे करू शकतो, यावर विश्वास बसणेच अवघड होते.

मग होनोलुलूकरांनी वर्गणी काढली आणि त्यांना अमेरिकेला पाठवले. उघड्या समुद्रात वाढलेल्या ड्यूक यांना सुरुवातीला थंड पाणी आणि तरणतलावातील वळणे जड गेली. पण निवड चाचण्यांत ते टिकले आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकसाठीच्या अमेरिकी संघात आले. ज्या देशाने आपले राज्य घेतले, त्याच देशाच्या झेंड्याखाली त्यांना उतरायचे होते.

स्टॉकहोममध्ये काय घडले?

१०० मीटर फ्रीस्टाइलच्या उपांत्य फेरीला अमेरिकी जलतरणपटू पोहोचलेच नाहीत. वेळापत्रकाबाबत गैरसमज झाला होता. नियमाप्रमाणे ते बाद होते. त्यांच्यासाठी वेगळी शर्यत घ्यायला परवानगी मिळाली, त्यात ऑस्ट्रेलियाचे सेसिल हीली यांनी त्यांची बाजू घेतल्याचे सांगितले जाते. ड्यूक नसते तर सुवर्णपदकाचे प्रबळ दावेदार हीलीच होते. अंतिम शर्यतीत ड्यूक यांनी सुवर्ण आणि हीली यांनी रौप्य जिंकले. पुढे १९१८ मध्ये हीली पहिल्या महायुद्धात मारले गेले. स्टॉकहोमला ड्यूक यांनी सांघिक रिले शर्यतीत रौप्यपदकही मिळवले.

पाय गुडघ्यात फार न वाकवता, वेगाने आणि सतत वरखाली हलवत राहण्याची त्यांची शैली जलतरणातील अनेकांनी उचलली. ती त्यांना कुणी प्रशिक्षकाने शिकवली नव्हती, लाटेच्या पुढे राहण्यासाठी मारलेल्या पायांतून ती आली होती.

१९१६ चे ऑलिम्पिक युद्धामुळे रद्द झाले. खेळाडूच्या उमेदीची ऐन वर्षे त्यात गेली. तरीही १९२० मध्ये अँटवर्पला त्यांनी १०० मीटरचे सुवर्ण आपल्या तिसाव्या वाढदिवशी जिंकले. शर्यतीवर आक्षेप आल्याने ती पुन्हा घेतली गेली आणि ड्यूक यांनी ती पुन्हा जिंकली. त्या शर्यतीतील तिन्ही पदके हवाईच्या जलतरणपटूंना मिळाली. रिलेमध्येही सुवर्ण आले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांना रौप्य मिळाले. सुवर्ण गेले पुढे पडद्यावर टारझन म्हणून गाजलेल्या जॉनी वाइसमुलर यांना आणि कांस्य ड्यूक यांचे धाकटे भाऊ सॅम यांना.

सर्फिंग इतर देशांत कसे गेले?

पोहण्याच्या शर्यतींसाठी ड्यूक जिथे जात, तिथे जवळ समुद्र असेल तर लाटांवरचे प्रात्यक्षिकही दाखवत. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर लोकांनी त्यांना असे पाहिले. कॅलिफोर्नियात त्यांच्या आधी हवाईचेच जॉर्ज फ्रीथ यांनी सर्फिंग दाखवायला सुरुवात केली होती. त्यामुळे पहिले कोण, हा वाद तिथे ड्यूक यांच्या बाजूने सुटत नाही. पण ऑलिम्पिक विजेता फळीवर उभा राहतो म्हटल्यावर जी गर्दी जमे, ती दुसऱ्या कुणाला जमवता आली नाही.

डिसेंबर १९१४ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या जलतरण संघटनेच्या निमंत्रणावरून ते सिडनीला गेले. सोबत सर्फबोर्ड नव्हता. त्यांनी तिथेच शुगर पाइनचे लाकूड घेऊन फळी घडवली आणि फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाटांवर उतरले. ऑस्ट्रेलियात तोवर लोक लाटांत अंग झोकून देत, पण फळीवर उभे राहून लाटेला आडवे कापत जाणे बहुतेकांनी प्रथमच पाहिले. इसाबेल लेथम या सिडनीच्या किशोरवयीन मुलीला त्यांनी आपल्याच फळीवर पुढे उभे करून लाटेवरून आणले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सर्फिंगच्या इतिहासात तिचे नाव कायमचे नोंदले गेले. ती फळी आजही फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबकडे जपून ठेवलेली आहे. तिथून ते न्यूझीलंडलाही गेले.

१४ जून १९२५ रोजी काय झाले?

१९२० च्या दशकात ड्यूक लॉस एंजेलिसला राहत आणि हॉलीवूडमध्ये छोट्या भूमिका करत. नायकाच्या भूमिका त्यांच्या रंगाच्या माणसाला मिळत नसत. त्यांच्या वाट्याला टोळीप्रमुख, खलाशी अशी कामे येत.

त्या दिवशी सकाळी ते मित्रांसह कोरोना डेल मारच्या किनाऱ्यावर होते. समुद्र खवळला होता. ‘थेल्मा’ नावाची मासेमारीसाठी निघालेली बोट बंदराच्या तोंडाशी मोठ्या लाटांत सापडून उलटली. ड्यूक फळी घेऊन लाटांत शिरले. बुडणाऱ्यांना फळीवर ओढून किनाऱ्यावर आणायचे आणि परत जायचे, असे करत त्यांनी एकट्याने आठ जणांना वाचवले. मित्रांनी आणखी चार जणांना बाहेर काढले. १७ जणांचा जीव मात्र गेला.

या घटनेने सर्फबोर्डकडे पाहण्याची नजर बदलली. पोहत गेलेला जीवरक्षक एका माणसाला धरून आणतो, तेव्हा दोघेही दमतात. फळी तरंगते, लवकर पोहोचते आणि तिला दोन-तीन जण धरून राहू शकतात. पुढे जीवरक्षकांच्या साहित्यात फळीला कायमची जागा मिळाली.

एवढे करून हाती काय आले?

त्या काळी ऑलिम्पिक ‘हौशी’ खेळाडूंसाठीच होते. पोहण्यातून पैसा घेतला की खेळाडू बाद. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हा नियम परवडे, ड्यूक यांना नाही. सुवर्णपदक विजेता असताना त्यांनी मीटरचे आकडे टिपण्याचे काम केले, सरकारी इमारतीत साफसफाई आणि देखभाल केली, पेट्रोल पंप चालवला. मुख्य भूमीवर काही ठिकाणी त्यांच्या वर्णामुळे त्यांना उपाहारगृहात वाढायलाही नकार मिळाला.

दरम्यान वायकिकी बदलत होते. पूर्वी तिथे तारोची खाचरे, भातशेती आणि मत्स्यतळी होती. १९२० च्या दशकात आला वाय कालवा खोदून ही पाणथळ जमीन कोरडी केली गेली आणि हॉटेलांना मोकळी जागा मिळाली. १९२७ मध्ये गुलाबी रंगाचे रॉयल हवाईयन हॉटेल उभे राहिले. किनाऱ्यालगतच्या बांधकामांमुळे वाळू वाहून जाऊ लागली, ती भरून काढायला बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. पाओआ घराण्याची जमीन जिथे होती, तिथे आज मोठे पर्यटन संकुल आहे. हवाईच्या प्रत्येक जाहिरातीत फळीवरचा हवाईयन तरुण दिसे, पण हॉटेलांच्या मालकीत तो कुठेच नव्हता.

१९३४ मध्ये ड्यूक होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि पुढे सलग १३ वेळा लोकांनी त्यांनाच निवडले. १९४० मध्ये त्यांनी नेदीन अलेक्झांडर या नृत्यशिक्षिकेशी लग्न केले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे ५० वे राज्य झाले, त्याच वर्षी जेट विमाने येऊ लागली आणि पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढली. शेरीफपद रद्द झाल्यावर ड्यूक यांच्याकडे अधिकृत स्वागतकाचे काम आले. बाहेरून येणाऱ्या मान्यवरांना हार घालणे हेच ते काम. १९६६ मध्ये ब्रिटनच्या राजमाता आल्या, तेव्हा पंचाहत्तरीतल्या ड्यूक यांनी त्यांच्यासोबत हुला नृत्याचा ठेका धरला. पदाला मान होता, पगार मात्र बेताचाच.

आपल्या नावाचे पैसे त्यांना मिळू लागले ते अखेरच्या काही वर्षांत. शर्ट, बूट, सर्फबोर्ड आणि वायकिकीतील एका उपाहारगृहाला त्यांचे नाव करारानुसार दिले गेले. १९६५ मध्ये ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर त्यांच्या नावाची सर्फिंग स्पर्धा सुरू झाली. २२ जानेवारी १९६८ रोजी होनोलुलूत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ७७ वर्षे. वायकिकीच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले आणि होड्यांच्या ताफ्याने त्यांची रक्षा त्याच समुद्रात सोडली.

आज त्यांचा वारसा कुठे दिसतो?

सर्फिंगचा समावेश ऑलिम्पिकमध्ये व्हावा, ही इच्छा ड्यूक यांनी १९१२ मध्येच व्यक्त केल्याचे सर्फिंगविश्वात मानले जाते. प्रत्यक्षात तो झाला टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली. महिलांचे पहिले सुवर्ण जिंकले होनोलुलूच्या करिसा मूर यांनी. त्या मूळ हवाईयन वंशाच्या आहेत आणि लाटांवर उभे राहायला वायकिकीलाच शिकल्या. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या सर्फिंग स्पर्धा प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर झाल्या. भारतातही कर्नाटकातील मुल्की, चेन्नईजवळचे कोवलम आणि गोव्याचे काही किनारे येथे सर्फिंगचे वर्ग चालतात.

हवाईत २०१९ या एका वर्षात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. हवाईची स्वतःची लोकसंख्या जेमतेम १४ लाख. घरांच्या किमती आणि महागाईला कंटाळून अनेक मूळ हवाईयन कुटुंबे मुख्य भूमीवर स्थलांतर करत आहेत. पर्यटन हवे, पण कुणाच्या अटींवर, हा प्रश्न तिथे दर निवडणुकीत येतो.

वायकिकीचा तो पुतळा १९९० मध्ये, ड्यूक यांच्या जन्मशताब्दीला उभारला गेला. तेव्हा स्थानिकांनी एक तक्रार केली होती. पुतळ्याची पाठ समुद्राकडे आणि तोंड रस्त्याकडे आहे. लाटांवर जाणारा माणूस समुद्राकडे कधीच पाठ करत नाही, हा सर्फिंगमधला सुरक्षेचा पहिला धडा. पण मग पर्यटकांच्या फोटोत मागे समुद्र आला नसता. पुतळा आजही रस्त्याकडेच तोंड करून उभा आहे.